हातोडी अंड्यांखाली आहे

आमच्या ओउलूकडे उन्हाळा म्हणजे
जेमतेम अकरा आठवडे, तेही डास धरून.
म्हणून तायस्तो यादी करतो एप्रिलातच,
अंगणात गुडघाभर बर्फ असताना,
बियाण्यांच्या रिकाम्या पाकिटावर:

फाटक्या गमबुटांत झेंडू.
बंद पडलेल्या रेडिओच्या पेटीत पुदिना.
सायकलच्या चाकाचं सूर्यफूल, वाऱ्यावर फिरणारं.
चहाच्या गळक्या किटलीचं पाखरांना घर.
आणि सगळ्यात खाली, पेन्सिल दाबदाबून,
आमच्या नातीचं, पिहलाचं अक्षर:
एक ड्रॅगन. मोठा. पण चावरा नको.

चाळीस वर्षं होड्या दुरुस्त केल्या त्याने.
निवृत्त तो झाला, हात झाले नाहीत.
खिळा दिसला की शिवशिवतात अजून.

किटलीला त्याने लाल रंग दिला,
आत शेवाळ अंथरलं, दाराशी नंबर टाकला,
आणि खाली एक पायरी, काडेपेटीएवढी.
'पाखराला पायरी कशाला रे?'
'पाहुणे आले तर?' म्हणाला,
आणि पायरीलाही रंगाचा दुसरा हात दिला.

ड्रॅगन जूनमध्ये उभा राहू लागला
फुटक्या होडीच्या फासळ्यांतून.
तिसऱ्या बरगडीपाशी आली मध्यउन्हाळ्याची सुट्टी:
पाहुणे, सौना, नदीकाठची होळी,
रात्री बारालाही न मावळणारा उजेड.
अवजारांची पिशवी राहिली उघडीच
लाकडांच्या खोपटात, फळीवर.

सोमवारी तो गेला, आणि तसाच परत आला.
रिकाम्या हातांनी. पाय न वाजवता.
'आउने,' म्हणाला, 'पिशवीत कुणीतरी आहे.'

परीटीण!
शेपटीने हिशेब करत बसलेली,
माझी हरवलेली हिरवी लोकर,
पिहलाच्या बाहुलीचे केस, बर्चची साल,
आणि भिंत म्हणून हातोडीचा दांडा.
ती उडाली तेव्हा मोजली: सहा अंडी,
राखाडी, दृष्ट लागू नये म्हणून
प्रत्येकाला वेगवेगळी तीट लावलेली.

पलीकडच्या ओस्मोने आपली हातोडी देऊ केली.
'परक्या हातोडीने आपलाच अंगठा ठेचतो,'
असं काहीतरी पुटपुटला तायस्तो.
खरं कारण मला ठाऊक होतं.
खोपटाच्या तीस पावलांत
त्याने शिंकही नाकातच दाबली महिनाभर.

मग आली माझी पाळी.
खिळ्यावाचून काय काय उभं राहतं
ते त्या घरात मलाच माहीत होतं:
मासेमारीच्या जुन्या जाळ्याने बरगड्या बांधल्या,
बैठकीचे पडदे फाडले, खवले कापले,
पिहलाने दोरा ओवला, तायस्तोने गाठी धरल्या,
सुईला घाबरत, एवढा मोठा बाप्या!
मोजे वाळत घालायची दोरी संपली
तिथे ड्रॅगनही संपला.
मागचे पाय नाहीत त्याला. शेपूटही नाही.
तो जमिनीतून वर येतोय, असं आम्ही ठरवलं.

किटलीकडे एकही पाखरू फिरकलं नाही.
एक जाडी भुंगीण राहायला आली.
पायरीकडे तिने बघितलंही नाही.

पिल्लं उडाली जुलैत, एका सकाळी पाच.
सहावं बसून राहिलं पक्कडीवर
दुपारपर्यंत, जणू काही सुटं करायचं राहिलंय.
मग तेही गेलं,
ड्रॅगनच्या नाकावर जरा टेकून.

यादी अजून फ्रिजवर आहे.
रेडिओ तसाच, चाकही तसंच.
ड्रॅगनपुढे तायस्तोने खूण केली नाही,
काम अर्धं आहे म्हणे.
पिहलाने केली. दोनदा.

काल मला म्हणाला, एक पिशवी शिवून दे,
जाड कापडाची, तोंड रुंद ठेव.
'अवजारांना?' मी विचारलं.
बाहेर पहिलं पान पिवळं झालं होतं.
त्याने दांड्यावरचा पांढरा डाग
अंगठ्याने चाचपला, पुसला नाही.
'बघू,' म्हणाला. 'आधी कुणाला लागते ते.'