एक तृतीयांश

मादुरेराच्या बाजारामागे, चावीवाल्याला लागून
माझं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल,
त्यावर दिवा, आणि दिव्याखाली
लोकांच्या घरातली उघडी पोटं:
मिक्सर, पंखे, न्हाव्याचं केस वाळवायचं यंत्र.

लुझिनेतीनं इस्त्री आदळलीच टेबलावर.
"तापत नाही मेली.
किशादाला असताना बोट लावायची सोय नव्हती.
रिओत आल्यापासून ही अशी कोमट.
समुद्राची हवा बाधली असेल का?"

मी पाटी पुसली अंगठ्यानं, वाचून दाखवली.
२२० व्होल्ट. १००० वॉट.
"तुझ्या गावच्या तारेत दोनशेवीस.
इथं एकशेसत्तावीस.
देश एक, भाषा एक, नोटांवरचा छाप एक,
भिंतीतलं मात्र ज्याचं त्याचं.
कुण्या काळी कुण्या कंपनीनं काय आणून बसवलं
ते आपण अजून निस्तरतोय."

"म्हणजे अर्धीच तापते."
"अर्धी कुठली! दाब अर्ध्याहून थोडा जास्त,
पण वॉटचा हिशोब वर्गानं चालतो.
हजारातले तीनशे तेहतीस उरतात."
ती गप्प. ओठ हलत होते.
"सकाळभरात तीस शर्ट व्हायचे," म्हणाली,
"आता दहा होतात. खरं आहे तुझं."

ट्रान्सफॉर्मर दाखवला. उचलून पाहिला तिनं,
किंमत ऐकून खाली ठेवला.
दोन जिवंत तारा जोडून दोनशेवीस काढता येतात,
पण घरमालक भिंतीला हात लावू देणार नाही.
"मग आतली तार बदलतो. अर्ध्या तासाचं काम."

"आणि परत गेल्यावर?"

"परत गेल्यावर तिप्पट तापेल.
मिनिटभर.
मग धूर."

वायर गुंडाळून इस्त्री काखेत मारली, गेली.

त्यानंतर शनिवारी दिसायची, कोथिंबिरीची पिशवी घेऊन.
"अजून कोमट?"
"अजून."
एकदा म्हणाली, रेशमी ब्लाउज आता सगळे तिच्याकडेच येतात,
तिच्या हातून काही करपत नाही म्हणून.
एका जानेवारीत म्हणाली, यंदा जाणार.
पुढच्या जानेवारीत काही म्हणाली नाही.
मीही पंख्याचं बेअरिंग शोधत होतो.

सहाव्या वर्षी, ऑगस्टात,
आधी शेजारी थांबली. एका किल्लीच्या तीन करून घेतल्या,
कोरी पितळ, धारेचा कीस अजून चिकटलेला.
मग माझ्याकडे. इस्त्री हळूच ठेवली.
"बदल तार."

कशाला, कुठलं घर, विचारलं नाही.
चार स्क्रू. त्यातला एक गंजलेला, त्यानं वेळ खाल्ला.
आत अभ्रकावर गुंडाळलेली तार निघाली:
साबूत, चकचकीत,
सहा वर्षांत एकदाही लाल न झालेली.

"टाकू नकोस. कागदात बांध."
"काय करणार हिचं?"
"बिघडलीय का?"
"नाही."
"मग?"
बांधून दिली. किल्ल्यांशेजारी, पर्समध्ये.

पुढच्या शनिवारी शर्ट घेऊन आली, दाखवायला.
पांढरा, कुण्या वकिलाचा.
पाठीवर तपकिरी डाग, होडीसारखा,
नाक वर काढलेला.

"भरपाई किती द्यावी लागली?"

"पूर्ण," म्हणाली लुझिनेती,
आणि शर्ट उजेडात धरून बघत राहिली.