पत्ता पाठ आहे

बावीस वर्षं पार्सलवर पत्ता मीच लिहिते.
ह्यांचं अक्षर म्हणजे आरीनं चामड्यावर ओढल्यासारखं.
वर्गीस फूटवेअर, ब्रॉडवे, एर्नाकुलम.
पिनकोडसुद्धा पाठ.
गाव मात्र बघितलेलं नाही.
आमचे हजारभर जोड तिकडं चालतायत
आणि आम्ही इथं सुभाषनगरात
खोक्यांना सुतळी बांधत.

यंदा ऋतिकानं मोबाईल पुढं धरला.
आषाढात तसंही कोण घेतंय कापशी?
हाउसबोट निम्म्या भावात, आई,
मिरजेहून गाडीत बसायचं,
एक दिवस, एक रात्र, की उतरायचं.

कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून
तिनं किनारा काढला, उभा, जरा वाकडा.
मी बोट ठेवून विचारलं, ब्रॉडवे इथं का?
तो रस्ता आहे आई, जिल्हा नव्हे.

भिशीचे अठरा हजार. वेण्यांचे माझे सहा,
ते मी अजून कुणाला सांगितले नव्हते.
तिकडं मासा खोबरेलात करतात म्हणं.
मी म्हटलं, चटणीची बरणी घेऊ.
हे म्हणाले, चार दिवस त्यांचं खाल्लं तर काय जीभ झडंल?
पण बरणी पिशवीत ठेवताना बघितलं
आणि काही बोलले नाहीत.

सगळं जमत आलं, तेव्हा ह्यांनी रापी खाली ठेवली.
"तिथं पायात काय घालायचं?"

दुसऱ्या कुणाच्या घरात हा प्रश्नच नव्हता.
आमचं पायताण एकदा भिजलं
की तळ फुगतो, अंगठा ढिला पडतो,
करकर जाते ती परत येत नाही.
गिऱ्हाइकाला आम्हीच बजावतो, पाण्यात घालू नका.
आणि तो मुलूख तर म्हणं दारातच पाण्याचा,
पोरं शाळेला होडीनं जातात.

रबरी घ्या की बाबा, दीडशेला मिळते,
ऋतिका बोलून गेली
आणि मग स्वतःच उठून चहा ठेवायला गेली.
ह्या घरात रबरी आलेली नाही.
न्हाणीत आम्ही अनवाणी जातो.
मामंजी असताना कुणी रबरी घालून दारात आलं
तर ते त्याच्या पायांशीच बोलायचे,
तोंडाकडं बघायचे नाहीत.

दोन दिवस बेत तसाच पडून.
पानावर तेलाचा डाग पडला, अलप्पीच्या जरा खाली.

तिसऱ्या दिवशी वर्गीसचा फोन.
त्याची हिंदी मोडकी, ह्यांची त्याहून.
बावीस वर्षांत दोघं बोललेत ते एवढंच:
आठ नंबर बारा, नऊ नंबर सहा,
पैसा डाला, माल पहुंचा.
आज हे म्हणाले, हम आता है. फॅमिली.
तिकडं बराच वेळ काही नाही,
नुसता मागं कुठंतरी भोंगा वाजला.
मग: आओ आओ. इधर बहुत पानी.
रबर मैं रखेगा. पैर का नंबर बोलो.

आणि हे गप्प.
अख्ख्या पेठेचे पाय ज्याला तोंडपाठ
त्यानं स्वतःचा कधी मोजला नव्हता.
कान वाकडा झालेला, टाका चुकलेला,
दुकानात न गेलेला जोड असंल तो घालायचा,
असंच आयुष्य.

मी कॅलेंडरचं पान फरशीवर पसरलं.
ठेवा पाय.
टाचेपासून पेन्सिल फिरवत आणली.
करंगळीशी आले तर गुदगुल्या झाल्या,
ह्या वयात, पोरीसमोर,
पाय ओढला ह्यांनी, कागद सरकला
आणि रेघ कासारगोडापासून निसटून
सरळ समुद्रात गेली.

नऊ, ऋतिका म्हणाली.
साडेआठ, हे म्हणाले. पसरट आहे, म्हणून दिसतो.

तिकिटं अजून वेटिंगला आहेत. अकरा, बारा, तेरा.
काल रात्री पिशवी भरून झाली.
हरवली तर असावा म्हणून वर पत्ता लिहायला बसले
आणि सवयीनं वर्गीसचाच लिहिला.
खोडला नाही.