लोकरीचे कपडे भाड्याने मिळतील

मुगभाटात, पिठाच्या गिरणीला लागून आमचं दुकान.
एप्रिल लागला की गिऱ्हाईक सुरू होतं,
मेमध्ये जेवायला फुरसत नाही.
बाहेर डांबर मऊ पडलेलं,
आणि आत माणसं जाड जाकिटं चढवून
आरशासमोर घामाघूम उभी:
काकी, खांद्यात दाटतंय का जरा?

दिवसाचे साठ रुपये. बुटांचे वेगळे.
कानटोपी मात्र विकतच घ्यायची,
उवांचं कोण निस्तरणार.

मी स्वतः माथेरानच्या वर चढलेले नाही.
पण हिमालय मला खिशांतून ठाऊक आहे.
केदारहून आलेल्याला खेचराचा वास,
गंगटोकच्या खिशात एखादा काळा वेलदोडा,
मनालीच्या अस्तरात भाजलेल्या कणसाचा दाणा,
कधी देवदाराची सुई, बोटाला टोचणारी.
दार्जिलिंगहून आलेल्या छत्तीस नंबरात
एकदा चिठ्ठी निघाली: परत गेल्यावर बोलू.
बोलले की नाही, कोण जाणे.
गल्ल्यात ठेवली आहे,
कुणी मागायला आलंच तर.

धुतलेली जाकिटं गच्चीवर वाळतात,
पेडणेकरबाईंच्या कुरडयांशेजारी.
त्या म्हणतात, तुझ्या हिमालयाला सांग
माझ्या कुरडयांवर ठिबकू नकोस.

सावे आले ते माहीमहून, बायकोला घेऊन.
कौसानीला निघाले होते.
पहाटे डोंगर गुलाबी होतो म्हणे तिथे,
हिला तेवढं बघायचंय, ते म्हणाले.
त्यांना एकेचाळीस बसलं, हेमांगीबाईंना बेचाळीस.
बाईंनी ते घातलं ते काढलंच नाही.
गळ्यापर्यंत चेन ओढून,
पंख्याखाली स्टुलावर बसून
लिंबू सरबत संपवलं आख्खं,
आणि आरशाकडे बघून म्हणाल्या,
आत्ताच पोचल्यासारखं वाटतंय.

बाराव्या दिवशी सावे एकटेच आले.
दोन दिवस जास्त झाले, ते लावा, म्हणाले.
सवयीने मी जाकीट नाकाशी नेलं.
बेचाळीसला माझ्याच डांबरगोळ्यांचा वास,
नंबराची चिठी मी टाचली तशीच टाचलेली.
एकेचाळीसला स्पिरिटचा. फिनेलचा.
खिशात चार घड्यांचा पास:
चौथा मजला, रुग्णाजवळ एकच व्यक्ती.

पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं,
मी सगळ्यांनाच विचारते ते,
थंडी होती का?

फार, ते म्हणाले.
एसी कमी करत नाहीत हो ते लोक.
रात्री दोनला बाकड्यावर बोटं वळत नाहीत.
हे होतं म्हणून.

मी बेचाळीसचं भाडं धरलं नाही.
त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
पुरते पैसे ठेवले काउंटरवर.
घेतलं होतं ना तिने, म्हणाले.

कशा आहेत आता, मी विचारलं,
आणि नेमकी गिरणी सुरू झाली.
ते काहीतरी बोलले. मान हलवली.
ती कुठल्या बाजूची मान
मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग नेहमीसारखंच.
नैनितालवाली पाच जणांची फॅमिली,
पोराला लालच हवं, लाल शिल्लक नाही.
सिमल्याचं एक जोडपं भांडत आलं,
हातमोजे एकाच्या मापाचे, दोघांना हवेत.

रात्री शटर अर्धं ओढून
परत आलेला माल तपासायला बसले.
बटणं बाहेरून दिसतात,
चेन मात्र अंगात घालूनच बघावी लागते.
बेचाळीस नंबर घातलं.
गळ्यापर्यंत ओढलं.
पाठीवरून घाम निघाला, कमरेत साचला,
खिशात हात घालून मी उभी राहिले
आरशासमोर, बराच वेळ,
शेजारी गिरणीवाला कुलूप लावून जाईपर्यंत.

चेन ठीक होती.