सुरक्षा पातळी दोन

मीना सक्रच्या धक्क्यावर आम्ही चुनखडी भरत होतो.
मागचा डोंगर पट्ट्यावरून खाली येतो
आणि जहाजाच्या खणांत कोसळतो, दिवसरात्र.
ऑगस्ट. लोखंडाला हात लावायची सोय नाही.
शिडीच्या तोंडाशी माझी पाळी, बारा ते सहा.
छातीवर वॉकीटॉकी, मेजावर वही,
वही उडू नये म्हणून तिच्यावर एक शॅकल.

सकाळीच पाटी बदलली होती.
एकाच्या जागी दोन.
का, ते कुणी सांगत नाही.
वर सामुद्रधुनीत काही झालं असेल,
किंवा होईल अशी कुणाला शंका.
कप्तानाने सही केली, बंदराने सही केली,
दोन परक्यांनी एकमेकांना लिहून दिलं
की आम्ही तुमच्यापासून आणि तुम्ही आमच्यापासून
जपून राहू.

दोन म्हणजे यादीत नाव नसेल तर पाऊल नाही.
फाटकाबाहेरच्या कॅफेटेरियातला मलबारी चहा
आठवडाभर नुसता वासानेच प्यायचा.

चार चाळीसला तो आला.
नारिंगी जॅकेट, हेल्मेट, भुवया पांढऱ्या,
वयाने की चुन्याने, वरून कळेना.
हातात तांदळाची रिकामी पिशवी, तोंड सुतळीने शिवलेलं.
“हर्षल मा रे तू? वळाखलंस?”

वामन कुबल, माझा मामा.
पट्ट्याच्या मोटरी सांभाळतो, बावीस वर्षं.
दोनदा घरी येऊन गेला, दोन्ही वेळा मी समुद्रावर.
आचऱ्याची खाडी त्याच्या पाठीवर बसून
मी पहिल्यांदा ओलांडली.
आता मधे बत्तीस पायऱ्या.

यादीत अकरा नावं. पुन्हा वाचली,
जणू दुसऱ्यांदा बारावं उगवेल.
मग उतरलो शेवटच्या पायरीपर्यंत
(तिच्यापुढे मलाही परवानगी नाही)
आणि दिवसभर सगळ्यांना म्हणतो तेच म्हटलं:
ओळखपत्र.

त्याने गळ्यातली दोरी काढून दिली.
नियम आहे, फोटो चेहऱ्याशी ताडून बघावा.
मी ताडला.
फोटोत मिशी काळी.
डाव्या डोळ्याखाली भाजल्याचा डाग, तो फोटोत नाही.
पुढचा एक दात नाही.
कानाची पाळी आईसारखी, गालाला चिकटलेली,
हे मला आजवर माहीतच नव्हतं.
तो हलला नाही. घाम पुसायला हातही वर नेला नाही.
इतका वेळ त्याच्याकडे
फाटकावरच्यांशिवाय कुणी पाहिलं असेल का?

पिशवी आईसाठी. मी सुरी काढली.
“थांब,” म्हणाला, नखाने टाका उसवला,
“परत शिवूक सुतळी लागतली.”
बदाम, बाम, एक टॉर्च, फुलाफुलांचं कापड.
सगळं पाहिलं, टॉर्च लावून विझवली.
पण सोबत माणूस नसलेलं सामान चढत नाही.
माणूस सोबत आहे,
पण माणूस चढत नाही.

वहीत ‘कामाचं कारण’ असा रकाना:
पुरवठा, दुरुस्ती, तपासणी, इतर.
“इतर लिहू?”
“आत येवक गावना नाय, तर लिवतंस कित्याक?”

वर पुलावरून चीफ मेट बघत होता.
मामाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
“बरा केलंस. उद्या दुसरो कोण येयत
माजा नाव सांगान.”
तेवढ्यात पट्टा अडकला, कुणीतरी हाक मारली,
आणि तो पिशवी काखेत मारून
मोटरीकडे पळाला, पळण्याचं वय नसलेल्या माणसासारखा.

१६५२. एक इसम, यादीत नाव नाही. परत.
विशेष काही नाही.

शिडीखाली चुन्यात त्याच्या बुटांचे दोन ठसे.
पट्टा सुरू झाला, पांढरं पुन्हा बसू लागलं.
सहाला पाळी सोडताना
एक टाच अजून ओळखू येत होती.
रोमेलला म्हटलं, आज खाली होस मारू नकोस.
त्याला वाटलं, पाणी कमी आहे.