आवक-जावक

खानापूर डेपोत एकतीस वर्षं
मी गाड्यांच्या वेळा लिहिल्या.
नंदगड पावणेसात. कणकुंबी सव्वाआठ.
जांबोटीहून आलेली चाळीस मिनिटं उशिरा,
कारणाच्या रकान्यात : म्हैस.
रिटायर झालो तेव्हा रजिस्टर तिथंच राहिलं.
हात घरी आला, लिहायची सवय घेऊन.

म्हणून गल्लीनं ही वही माझ्याकडे दिली.
लांबट, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची.
नियम दस्तगीर मास्तरनं मांडला :
पैसा नाही, तासाला तास,
आणि कुणाचाही तास साठ मिनिटांचा.
"वायरमनचा पण?" भरमानं विचारलं,
तो स्वतः वायरमन.
"तुझं घड्याळ काय वेगळं पळतंय?"
भरमा आठ दिवस रुसला.
मग त्याच्या पोरीला गणित अडलं
आणि तो वहीत आला.

सोमवार. शंकरव्वा होसमनी,
तहसीलचे कन्नड अर्ज, तीन माणसांचे, दोन तास.
मंगळवार. सुमित्रा हलगेकर,
शंकरव्वाची दोन पोलकी. दोन तास.
(हुक लावायचे राहिले. पाव तास बाकी.)
शंकरव्वा म्हणते, आमच्याकडं ह्याला मुय्यी म्हणतात.
माझा बाप पैरा म्हणायचा,
आज तुझ्या रोपाला मी, उद्या माझ्या रोपाला तू.
चिखलाला दोन्ही शब्द कळायचे.

अडलं ते इनास फर्नांडिसच्या आईपाशी.
कल्लाप्पा सायनेकर तिच्या उशाशी दोन रात्री बसला.
सकाळी येऊन म्हणाला,
"सोळा लिही, खरं दोन कापून टाक.
डोळा लागलेला."
म्हातारीनं मधे एकदाच वेळ विचारली होती,
त्यानं सांगितली.
चौथ्या दिवशी ती गेली. नावावर देणं, चौदा तास.
मयताचं पान कसं बंद करतात
ते डेपोत कुणी शिकवलं नव्हतं.

इनास आला, म्हणाला, माझ्याकडं ओढ.
वैशाखात कल्लाप्पाच्या घरावर चढला,
फुटकी कौलं काढली, नवी बसवली,
सतरा तास झाले.
वरचे तीन कुणाच्या खाती?
इनासनं खालूनच छपराकडं बोट केलं,
"राहू देत तिथं."
अजून आहेत. पेन्सिलीनं.

परवा शंकरव्वानं वही उलटी-सुलटी चाळली.
"टायमकीपर, सगळ्यांचं लिहितोस,
खरं तुझं पान कुठं हाय?"
मी म्हटलं, मी काय देतो, नुसतं लिहितो.
तिनं बोटांच्या पेरांवर हिशेब केला,
रोजची वीस मिनिटं, दोन वर्षं.
आकडा ऐकून मीच दचकलो.
"माग काय ते."

काय मागायचं?
सरोजा गेल्यापासून खानावळीचा डबा येतो,
भाकरी येते ती बाराला थापलेली, आठला चामडं.
म्हटलं, शिकव.

परातीपाशी मांडी मोडून बसलो,
सत्तरीला दोन कमी.
ती बैलहोंगलची, शाळूच्या पिठात वाढलेली.
"मेल्लक री, मेल्लक."
माझा हात मेल्लक होत नव्हता,
त्याला एकतीस वर्षं शिक्के मारायची सवय.
पहिली भाकरी तव्यावर पडली
आणि शंकरव्वा पदरात तोंड घालून हसली :
एकीकडं फाटलेली, दुसरीकडं भलतीकडंच घुसलेली,
कुठल्याच सरकारला मान्य होणार नाही अशी हद्द.

तीच तिनं खाल्ली. लसणाच्या चटणीबरोबर,
करपलेल्या बाजूकडून सुरुवात करून.

रात्री वही उघडली.
शंकरव्वा, भाकरी शिकवणे, दीड तास.
सकाळी तिनं दीडचा एक केला.
म्हणाली, अर्धा तास मी जेवत होते,
जेवायचं कोण लिहितं?

खोडलं नाही मी. सवय नाही खोडायची.
कारणाच्या रकान्यात फक्त लिहिलं : भूक.
आणि गुरुवारची वेळ घातली,
पीठ मीच आणणार आहे.