अकरा जोड

केमी. गुरुवार, सात. चर्चच्या मागे, तळघर.
पाटी नव्हतीच.
रित्वा दोनदा गाडीत परतली,
एकदा नुसती किल्ली चाचपत बसली
उणे अठरात.

मग दाराच्या आत दिसले
फळीवर बूट. अकरा जोड.
बर्फ वितळून खाली थारोळं.
लाल नाडीचे तिनं ओळखले:
पोस्टातल्या सीर्काचे.
तिला वास येऊ नये म्हणून
वर्षभर तिकिटं मशीनमधून घेतली होती.

म्हणजे तू पण, बाई.

स्वतःचे काढताना मोज्याला भोक दिसलं.
अंगठा मुडपून घेतला.

नाव कुणी विचारलं नाही.
तिनंच सांगितलं. पुढचा शब्द
माशाच्या काट्यासारखा,
गिळवेना, ओकवेना.

कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला,
तरी सांडला.
सीर्कानं न बघता
फडकं सरकवलं.