सीट पुढे सरकत नाही

मानकापूरच्या गल्लीत, लिंबाखाली
ती उभी होती. पांढरी, म्हणजे एकेकाळी.
टपावर लिंबोळ्यांचे डाग,
मागच्या काचेवर कुणीतरी धुळीत
बोटानं काढलेलं फूल.
सत्तावन्न हजार, फोनवर सांगितलं होतं,
थोडं इकडंतिकडं होईल.

मे महिना. साडेसहा वाजले तरी
दाराची कडी हाताला चटका देते.
सोबत इद्रिस, जाफरनगरचा, आमच्या स्कूटीचा डॉक्टर.
तो गाडीखाली शिरतो
आणि विहिरीतून गाळ काढावा तसा
एकेक दोष वर पाठवतो:
"डावीकडून पत्रा सडला, ताई.
सायलेन्सर गेला समजा.
टायर दोन चालतील, दोन नाई.
एसीचं तर विचारूच नका."
मग बराच वेळ गप्प.
मग खालूनच,
"इंजिन मात्र जपलंय कोणीतरी."

हिशेब मला तोंडपाठ आहे.
ऑटो, मेट्रो, उतरल्यावर पुन्हा ऑटो,
आणि एमआयडीसीच्या आत दीड किलोमीटर पायी,
डोक्याला ओला दुपट्टा, जो गेटपर्यंत वाळतो.
स्कूटी आता लेकीची.
लायसन्स तीन वर्षं पर्समध्ये, आधारकार्डाच्या मागे.
भिशी निघाली साठ हजारांची, तेव्हा
घरचे कूलरमध्ये पाणी टाकता टाकता म्हणाले,
"साठात गाडी नाही येत, दुखणं येतं.
त्यापेक्षा सोनं घे. सोनं रस्त्यात बंद पडत नाही."

खरं आहे. सोनं कुठं जातही नाही.

तितरमारे काकूंनी पदराची गाठ सोडून किल्ली दिली.
"हे कोराडीच्या वीजकेंद्रात होते," एवढंच सांगितलं.
मी बसले.
पाय पोचेनात.
क्लच कुठंतरी पुढे, दुसऱ्या जिल्ह्यात.
गादीत एक खळगा, माझ्याहून कितीतरी मोठा,
त्यात मी, डब्यात हललेल्या लाडवासारखी.
"सीट नाही सरकत ती," काकू म्हणाल्या,
"काहून सरकवतील? हेच चालवायचे.
सहा फूट होते जी."

इद्रिसनं मशीनचं तेल सोडलं,
पान्यानं दोन ठोके दिले, खांदा लावला.
काही नाही.
पुन्हा तेल. पुन्हा खांदा.
आणि मग ती एकदम किंचाळून निघाली,
चार बोटं, मग वीतभर.
खाली निघालं: एक सुपारी, दोन रुपयांचं नाणं,
बोअरवेलच्या मोटरची पावती,
आणि चष्म्याची एक काडी.

काकूंनी काडी उचलली.
"चहा ठेवते," म्हणाल्या नि आत गेल्या.
लायटरचा आवाज मात्र
बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या चावीला चालू झाली.
गल्लीच्या तोंडाशी बंद पडली, माझ्याच चुकीनं.
एक शेळी मधोमध उभी राहून
माझ्याकडे बघत राहिली, अगदी आमच्या नणंदेसारखी.
मोठ्या रस्त्यावर राखेचे ट्रक.
मी तिथूनच वळवली. तीन वेळा मागेपुढे करून,
घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला,
पण वळवली.

चहा झाला होता, फार गोड.
काकूंनी खिडकीतून गाडीत वाकून पाहिलं.
"मागं जाते का हो ती सीट पुन्हा?"
"जाते ना काकू," इद्रिस म्हणाला, "आता कुठंही जाते."
त्यांनी जरा विचार केला.
"असू द्या मग. पुढंच असू द्या."
आणि कपबशा गोळा करताना, पाठमोऱ्या,
"बावन्न द्या."

मी म्हटलं, उद्या सांगते.
पासिंगचे पैसे वेगळे, पत्र्याचे वेगळे,
पावसाळ्यात वायपर कुठला टिकतोय.
इद्रिस म्हणाला, "घेऊ नका असं मी म्हणत नाई,
घ्या असंही नाई."
आम्ही निघालो.

मानकापूरच्या सिग्नलला, लाल आकडा उलटा मोजत असताना,
माझा डावा पाय
लेकीच्या स्कूटीच्या पाटीवर
क्लच शोधत होता.